एकराच्या भावाने विकली जाणारी नजर

सप्टेंबर सरत आला की निफाड-दिंडोरीकडे द्राक्षवाल्यांच्या गप्पांत पावसाच्या आधी मजुरांच्या टोळीचा विषय निघतो. टोळी ठरली का? कुठली? एकराला काय बोलली? पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरी गावांतून आणि सीमेपलीकडच्या डांगातून माणसं भाताच्या कामांतून सवड काढून खाली उतरतात. पुढचे चार-पाच महिने बागेची कामं त्यांच्या हातांवर चालतात. मुकादमाला उचल आधी पोचलेली असते. ज्याची टोळी ऐन वेळी दुसरीकडे गेली, त्याची छाटणी आठवडाभर लांबली, आणि द्राक्षात आठवडा म्हणजे बाजारभावाचा फरक.

फळबागेतली नोकरी म्हटलं की आपल्याला बी.एस्सी. उद्यानविद्या, कृषी अधिकाऱ्याची परीक्षा किंवा एखाद्या निर्यात कंपनीतली खुर्ची आठवते. त्या नोकऱ्या आहेत आणि चांगल्याही आहेत. पण बागेचं उत्पन्न ठरवणारे बहुतेक निर्णय कात्री हातात असलेला माणूस दर काही सेकंदांनी एक या वेगाने घेत असतो. त्याच्या कामाची नोंद हजेरीवहीत ‘मजुरी’ अशी होते. मला ती नोंद फार अपुरी वाटते.

मुळात आपल्याकडे द्राक्षाला दोन छाटण्या का लागतात? थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात उठते, वर्षातून एकदा छाटली की भागतं. महाराष्ट्रात तिला झोपायला थंडीच मिळत नाही, ती वाढतच राहते. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करायची, म्हणजे काड्या एक-दोन डोळ्यांवर मागे आणायच्या आणि ऐन उन्हाळ्यात, पाण्याची ओढ असताना, नवी काडी तयार करून घ्यायची. ऑक्टोबरात दुसरी, फळाची छाटणी. पण ऑक्टोबरात दिसणारा घड डोळ्याच्या आत बसतो तो खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत. त्या काळात ढगाळ हवा राहिली किंवा काड्यांची गर्दी होऊन ऊन आत शिरलं नाही, की पुढे वेल हिरवीगार दिसते आणि घड मात्र मोजकेच. मे-जूनमध्ये फुटींची विरळणी करणारा माणूस ऑक्टोबरचं पीक ठरवतो ते असं. त्यासाठी वाढती काडी सातव्या पानाच्या आसपास शेंडा मारून थांबवायची, तिथून बगलफूट पुढे न्यायची, म्हणजे सबकेन तयार होते आणि त्या गाठीजवळचे डोळे फळाचे निघतात.

फळछाटणीत छाटणाऱ्याचं लक्ष याच गाठीवर असतं. गाठ दिसली की तिच्या पुढे एखादा डोळा ठेवून काप. सरळ काडी असेल तर डोळे मोजायचे. काडी बारीक, कच्ची, सावलीत वाढलेली असेल तर तिच्याकडून फळाची आशा धरायची नाही. नीट पिकलेली काडी रंगाने तपकिरी होते, कापल्यावर आतला गाभाही तपकिरी दिसतो. जाडी किती हे बोटांना कळतं. जाणती माणसं काडी धरतात आणि त्याच हालचालीत कापतात. बघणाऱ्याला निर्णय कधी झाला तेही कळत नाही. हल्ली छाटणीआधी नमुन्याच्या काड्या प्रयोगशाळेत नेतात, डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहतात. द्राक्षपट्ट्यात त्यातून तरुण मुलांना नवं काम मिळालं आहे. अहवाल येतो, ‘पाचव्या ते सातव्या डोळ्यावर घड’. पण बागेतल्या हजारो काड्यांपैकी समोरची काडी त्या अहवालातली आहे की नाही, हे शेवटी टोळीतल्या माणसालाच बघावं लागतं.

छाटणीनंतर एक-दोन दिवसांत पेस्ट लावायची. सगळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण शेवटच्या दोन-तीन डोळ्यांना कापडाने किंवा स्पंजने लावतात. फुटलं तर सगळं एकदम फुटलं पाहिजे, नाहीतर पुढे फवारणी, घड द्रावणात बुडवणं, काढणी सगळ्याचीच वेळ विस्कटते. या कामाबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. हे रसायन अंगात गेलं असताना दारू घेतली तर चेहरा लाल होणं, धडधड, धाप, रक्तदाब घसरणं इथपर्यंत मजल जाते, कारण दारू पचवणाऱ्या यंत्रणेलाच ते अडवतं. कामाच्या आदल्या दिवसापासून नंतरचे काही दिवस थेंबही नको. डब्यावर हे छापलेलं असतं, पण डबा बहुधा मालकाच्या शेडमध्ये राहतो आणि बादली टोळीकडे येते. हातमोजे पुरवणं आणि ही सूचना माणसाला समजेल अशा बोलीत सांगणं हे बागेच्या सुपरवायझरचं पहिलं काम आहे. अमुक फवारा अमुक वाजता, हे त्यानंतर.

मग फेलफूट, म्हणजे घड नसलेले फुटवे, काढणं, काड्या तारेला बांधणं, आणि सगळ्यात नाजूक काम, घडाची विरळणी. इथे बहुतेक बायका असतात. बारीक टोकाची कात्री घेऊन, मान वर करून, मांडवाखाली किंवा वाय आकाराच्या तारांखाली दिवसभर उभं राहायचं. घड दाट असेल तर मधल्या पाकळ्या, म्हणजे घडाच्या उपफांद्या, काढायच्या, शेंडा खुडायचा, राहिलेल्या मण्यांना फुगायला जागा ठेवायची. निर्यातीच्या घडात शंभर-सव्वाशेच्या आसपास मणी ठेवतात. मोजत बसलं तर दिवसात चार वेली होतील, म्हणून नजरेनेच भागवावं लागतं. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं तर तेव्हा काहीच दिसत नाही. मणी मोठा होतो तसा डाग मोठा होतो आणि पॅकिंगच्या टेबलावर तो घड बाजूला पडतो. कुणाच्या कात्रीचा डाग, हे तोवर सांगता येत नाही. नव्या मुलीला पहिले काही दिवस जाणत्या बाईच्या शेजारी उभं करतात, बोलणं कमीच होतं. ‘हात हलका ठेव गं’ एवढं ऐकू येतं.

मण्याची फुगवण साधण्यासाठी घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात. इथे गणित आलं. लिटरला चाळीस मिलिग्रॅम हवं असेल तर एक ग्रॅम भुकटी पंचवीस लिटर पाण्यात. भुकटी आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायची, पाण्याचा सामू आम्लाकडे झुकता ठेवायचा. मणी तीन-चार मिलिमीटरचा असताना एकदा, सहा-सात मिलिमीटरला पुन्हा. शाळेत त्रैराशिकाचा कंटाळा केलेली मुलं बागेत हे न चुकता करतात. चुकलं तर काय होतं, ते त्यांनी शेजारच्या प्लॉटमध्ये पाहिलेलं असतं.

फवारणीची वही ठेवता येणं हेही आता कौशल्यातच मोडतं. २०१० साली भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सापडला, युरोपात माल अडला आणि निर्यातदार-शेतकऱ्यांना मोठा फटका बसला. शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेची ग्रेपनेट ही नोंद-व्यवस्था त्याआधीपासून, २००६ पासून होती. पण त्या हंगामानंतर शेतकरी ‘काढणीआधी किती दिवस थांबायचं’ हे विचारू लागला. औषधाचं नाव, मात्रा, तारीख, थांबण्याचे दिवस आणि वाऱ्याचा अंदाज सांभाळणारा फवारणीवाला मिळाला, तर मालक त्याला सहसा सोडत नाहीत.

काढणीचं थोडक्यात सांगतो. पहाटेच्या गारव्यात, घड देठाला धरून, मण्यांवरच्या पांढुरक्या लवेला बोट न लावता. पुढे प्रीकूलिंग, शून्य अंशाच्या आसपास साठवण, पेटीत सल्फर डायऑक्साइडचा कागद. पॅकहाउसमधली बाई पाचशे ग्रॅमचं पनेट भरते तेव्हा काट्याकडे जवळजवळ औपचारिकता म्हणूनच बघते.

बागेतल्या नजरेने काय साधतं याचे पुरावे आपल्या वाणांच्या यादीतच आहेत. थॉमसन सीडलेसच्या एखाद्या वेलीवर वेगळी फांदी, वेगळा घड दिसला, तो कुणीतरी वेगळा ठेवला, वाढवला. तासगाव भागातलं तास-ए-गणेश असं मिळालं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका तशाच निवडीतून दिलं. प्रयोगशाळा नंतर आल्या. पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ चं. इतर फळांकडे पाहिलं तर, १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने राज्यात आंबा, काजू, डाळिंब, संत्रा यांचं क्षेत्र झपाट्याने वाढवलं. रोपं, खड्डे, अनुदान यांचा हिशेब सरकारने ठेवला. ती झाडं पुढे छाटणार कोण, त्याला शिकवणार कोण, याचा हिशेब मात्र बहुतेक गावांवरच सोडला.

शिकायच्या सोयी आज आहेत. राहुरी, दापोली, अकोला, परभणी ही चार कृषी विद्यापीठं आहेत. हरितगृहाच्या कामासाठी तळेगाव दाभाड्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. दूरशिक्षणाने शिकायचं तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. पदवी घेऊन आलेल्या मुलाला रोगाचं शास्त्रीय नाव, पानातलं अन्नद्रव्य, निर्यातीचे नियम माहीत असतात, आणि ते हवंच. पण पहाटे पानावर पाणी साचलेलं पाहून ‘आज डावणी (केवडा रोग) येणार’ हे ओळखायला एक-दोन पावसाळी हंगाम बागेतच काढावे लागतात. पुष्कळ पदवीधर तेवढं थांबत नाहीत, औषध कंपनीच्या विक्रीत जातात. पगार तिकडे लवकर वाढतो, त्यांना दोष कसा द्यायचा? मात्र सल्ला देणारा आणि औषध विकणारा एकच असला, की बागेत फवारे वाढतात, हे कोणताही शेतकरी सांगेल.

माझी तक्रार मजुरीच्या पद्धतीबद्दल आहे. एकराला ठरावीक रक्कम दिली की टोळीचा फायदा वेगात असतो. काडी निरखून, कमकुवत काडी बाजूला काढून जो छाटतो तो मागे पडतो आणि घाई करणाऱ्याइतकंच किंवा त्याहून कमी घरी नेतो. काही जाणते बागायतदार यावर तोड काढतात. तीच टोळी वर्षानुवर्षं ठेवतात, विरळणी रोजावर देतात, निर्यातीत माल पास झाला की वर बक्षिसी देतात. कलम बांधणाऱ्यांकडे जास्त चोख हिशेब सापडतो. डॉगरिजच्या जंगली खुंटावर ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर कलम बांधणारी माणसं कलमामागे पैसे घेतात आणि पुष्कळ ठिकाणी जगलेल्या कलमांवरच बोली होते. खुंट आणि डोळकाडी यांच्या साली जुळल्या नाहीत, पट्टी सैल राहिली, तर कलम फुटत नाही आणि ते कोणाचं, हे लगेच कळतं. छाटणीत असं मोजमाप आणायचं, तर निदान प्रत्येक ओळीला छाटणाऱ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधून, फुटवे आल्यावर घड मोजता येतील. तसं केलेल्या बागेत पुढच्या वर्षी कुणाला आधी फोन करायचा, हे मालकाला ऑगस्टातच ठरवता येईल.