ओठावरचे दोन खळगे

बाळ दुभंगलेला ओठ घेऊन जन्माला आले की भारतातून येणाऱ्या फोनवर हमखास विचारले जाते, "ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का?" आई आधीच खचलेली असते, त्यात हा ठपका! ग्रहणाचा आणि ओठाचा काहीही संबंध नाही. या व्यंगाची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक आनुवंशिक असून बऱ्याचदा ते आरशात पाहूनही ओळखता येते.

त्याचे नाव व्हॅन डर वूड सिंड्रोम. खालच्या ओठावर मध्याच्या दोन्ही बाजूंना असलेले दोन बारीक खळगे ही त्याची मुख्य खूण. एकाच कुटुंबात कोणाचा ओठ दुभंगलेला असतो, कोणाची टाळू, तर कोणाला नुसतेच खळगे असतात.

गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात, तर टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात सांधली जाते. त्वचेच्या पेशींची वाढ घडवणारे आयआरएफ-६ हे जनुक बिघडले, तर हा सांधा अपुरा राहतो. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांना या जनुकाचा छडा लागला, तो एकसारख्या जुळ्यांमुळे. दोघांपैकी एकालाच सिंड्रोम होता आणि जनुकातला बिघाडही त्याच्यातच सापडला. काही थोड्या कुटुंबांत जीआरएचएल-३ या दुसऱ्या जनुकात दोष असल्याचे २०१४ साली दिसून आले.

आई किंवा वडील, कोणा एकाकडून सदोष जनुक आले तरी पुरते. म्हणजे प्रत्येक गरोदरपणात ते बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी. ते मिळालेल्या प्रत्येकाचा ओठ दुभंगतोच असे नाही. पण नुसते खळगे असलेल्या वडिलांच्या मुलाचा ओठ दुभंगलेला असू शकतो. घरात आणखी कोणालाही नसलेल्या साध्या दुभंगात मात्र पुढच्या मुलाला धोका शंभरात साधारण तीन ते पाच इतकाच असतो. हा फरक कळला नाही, तर डॉक्टरांनी दिलेला दिलासाही चुकीचा ठरतो. कधी बिघाड बाळातच नव्याने होतो. तेव्हा आईवडील दोघेही निर्दोष असतात.

म्हणून घरात कोणाला असे खळगे असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि जनुकीय सल्ला घ्या. रक्ततपासणीने बहुतेकदा निदान होते. ओठ आणि टाळूवर शस्त्रक्रिया करता येते. आईवरचा ठपका मात्र आपणच पुसायचा आहे.