रुग्णशय्येपाशी भरणारी शाळा

परभणी आणि पूर्णा या दोन जंक्शनांच्या दरम्यान, कापूस, तूर आणि सोयाबीनच्या काळ्याभोर शिवारांत पिंगळीचे लहानसे रेल्वे स्थानक आहे. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा हा लोहमार्ग निजामाच्या अमदानीत, एकोणिसावे शतक सरत असता, गोदावरीच्या खोऱ्यातून टाकला गेला. आणि तेव्हापासून या गावच्या माणसाला कचेरीतील कामासाठी, अडतीवर माल घालण्यासाठी, किंवा घरात कोणी अंथरुणाला खिळले तर त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेण्यासाठी परभणीची वाट सोपी झाली. त्याच वाटेने आता अशा गावांतील बारावी उत्तीर्ण मुली, आणि काही मुलगेही, नर्सिंग शिकावयास परभणीला, नांदेडला, संभाजीनगरला जातात. घरून निघताना त्यांना बहुधा एवढेच सांगितलेले असते, की कोर्स झाला म्हणजे नोकरी पक्की. हे आश्वासन अगदीच निराधार नाही. परंतु ज्या विद्येच्या दाराशी ही मुले जाऊन उभी राहतात, तिचे स्वरूप त्यात कोठेच येत नाही.

परिचर्या ही वैद्यकाची दुय्यम प्रत होय, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ फेरी करतो, निदान करतो, औषध लिहून देतो. पण उरलेल्या प्रहरांत रुग्णाचा श्वास उथळ झाला, लघवीचे प्रमाण घटले, कालपर्यंत बोलणारा मनुष्य आज कुशीवर वळून गप्प राहिला, हे जिला सर्वांआधी दिसते आणि दिसताच त्याचा अर्थ जिला लावता येतो, ती परिचारिका. हे दिसणे शिकावे लागते, आणि ते केवळ फळ्यासमोर बसून शिकता येत नाही. क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 साली आपली प्रशिक्षणशाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात उघडली, त्यामागे हाच विचार होता: विद्यार्थिनी रुग्णांच्या सान्निध्यात राहील तरच तिची नजर घडेल. याच बाईंनी हिंदुस्थानातील आरोग्यव्यवस्थेचा ध्यास आयुष्यभर बाळगला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार ठेवला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

आपल्या प्रांतात या विद्येचा आरंभ मुंबईत झाला. 1883 च्या अखेरीस मुंबईस आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देण्याची खटपट केली. 1886 साली कामा रुग्णालय उघडले. आणि 1891 साली प्रशिक्षणासाठी दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिकांत आजही पाठ्यपुस्तकांतून घेतले जाते. त्यांच्याविषयी आपल्याजवळ नावापलीकडे फार थोडे शिल्लक आहे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्या काळी परक्या माणसाच्या देहाला स्पर्श करणे, त्याचे मलमूत्र काढणे, त्याच्या जखमा धुणे, ही कामे जातीच्या आणि सोवळ्याच्या कोणत्या भिंती ओलांडून करावी लागली असतील, याची कल्पना आज करणेही कठीण आहे. त्या भिंतीला मोठे खिंडार पाडले ते पुण्याच्या सेवासदनाने. 1909 साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या परिश्रमाने उभ्या राहिलेल्या या संस्थेने ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यासाठी ज्या स्त्रिया पाठविल्या, त्यांत पांढरपेशा घरांतील विधवाही होत्या. ज्यांना घराच्या माजघरात आयुष्य कंठावे लागले असते, त्या स्त्रिया रात्रपाळीला दिवा घेऊन पुरुषांच्या कक्षातून फिरू लागल्या, तेव्हा समाजात केवढा गहजब झाला असेल! पण या स्त्रिया स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिल्या, आणि महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात शिक्षिकेच्या बरोबरीने परिचारिकेलाही मानाचे पान मिळाले पाहिजे असे मी म्हणतो, ते याच आधारावर.

मराठवाड्यात मात्र हा प्रवाह उशिरा पोहोचला. मुलूख हैदराबाद संस्थानाचा, दप्तराची भाषा उर्दू, मोठे दवाखाने राजधानीत. खेड्यातील बाळंतपण सुइणीच्या हाती आणि आजारपण दैवाच्या. उर्वरित देशाची स्थितीही काही हेवा करावी अशी नव्हती. 1946 साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 7,000 परिचारिका होत्या, म्हणजे दर 43,000 लोकांमागे एक. पुढे 1947 चा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1966 साली महाराष्ट्र परिचारिका अधिनियम झाला, आणि नोंदणीवाचून कोणी परिचारिका म्हणवून घेऊ नये असा शिरस्ता पडला.

आज या शिक्षणाच्या तीन वाटा आहेत. दोन वर्षांची ए.एन.एम., जिच्यातून गावच्या उपकेंद्रावरील परिचारिका तयार होते. तीन वर्षांची जी.एन.एम., जी रुग्णालयाच्या कक्षाचा कणा होय. आणि चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग, जिची पदवी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते.

मराठी शाळेतून आलेल्या मुलीची पहिली गाठ पडते ती इंग्रजीशी. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, आहारशास्त्र असे विषय पहिल्याच वर्षी एकदम अंगावर येतात, आणि हाडांची व स्नायूंची लॅटिन नावे पाठ करताना कित्येक मुलींचा धीर सुटतो. बुद्धीची उणीव हे त्याचे कारण नव्हे. कोणीतरी सहा महिने धीराने भाषा शिकविली तर याच मुली पुढे वर्गात अग्रेसर ठरतात, म्हणून प्रत्येक नर्सिंग शाळेने पहिल्या सत्रात या गोष्टीची तजवीज करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

दुसरी गाठ पडते गणिताशी, आणि येथे चूक ही केवळ गुण जाण्यापुरती राहत नाही. 500 मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यावयाचे आहे आणि संचातून एका मिलिलिटरचे 20 थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? उत्तर सुमारे 21. हे त्रैराशिक शाळेतील मुलालाही सुटेल. पण रात्री तीन वाजता, दोन नवे रुग्ण एकदम दाखल झाले असता, शेजारच्या खाटेवरील नातेवाईक हाका मारीत असता, ते चुकू नये यासाठी ते हाताच्या सवयीत उतरावे लागते. इन्सुलिनच्या कुप्या आपल्याकडे दोन प्रकारच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये 40 एकके असलेली आणि 100 एकके असलेली. कुपी एकीची आणि सिरिंज दुसरीची, असे झाले तर मात्रा अडीचपट होऊ शकते. अशा एकेका जागेवर विद्यार्थिनीला थांबविणारी, लेबल पुन्हा वाचावयास लावणारी इनचार्ज सिस्टर त्या वेळी कठोर वाटते. तिच्या कठोरपणाची किंमत पुढे कळते.

त्यानंतर येते ते खरे पोस्टिंग. खाट करणे, तोंड धुणे, अंग पुसणे, बेडपॅन देणे, ट्रे मांडणे, ड्रेसिंग, नाडी, तापमान, श्वसन. आरंभीचे हे काम हलके समजून घरची माणसे कष्टी होतात. आपल्या शिकलेल्या लेकीने हे करावे काय, असा प्रश्न गावात विचारला जातो. परंतु अंग पुसता पुसताच पाठीवरचा लालसर डाग दिसतो, आणि तो डाग म्हणजे शय्याव्रणाची पहिली खूण, हे जिने वाचलेले असते ती रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवू लागते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी जो अघोरी अत्याचार झाला, त्यानंतर 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. ज्यांनी त्यांना कधी हसता-बोलता पाहिले नव्हते, अशा पुढच्या पिढ्यांनीही ती जबाबदारी आपली मानली. इतकी वर्षे खिळून असलेल्या देहावर शय्याव्रण होऊ दिले नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात घेतली. मनुष्याला मनुष्याने जपण्याची याहून मोठी कामगिरी आपल्या राज्यात कोठे घडली असेल असे मला वाटत नाही, आणि ती ज्या हातांनी घडली ते हात खाट करण्याच्या धड्यापासूनच तयार झालेले होते.

मृत्यूचे शिक्षण मात्र कोणत्याही वेळापत्रकात नसते. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, काल जिला एखाद्या वृद्धाने “माय, जरा पाणी दे” म्हणून हाक मारली, तीच आज त्याचे डोळे मिटते, नाकात कापूस घालते, आणि हात धुऊन पुढच्या खाटेवरील रुग्णाला वेळेवर इंजेक्शन देते. अशा रात्री वसतिगृहात परतल्यावर कोणाजवळ तरी बोलावयास मिळाले नाही, तर ते दुःख आत साचत जाते. ट्यूटरांनी दहा मिनिटे जवळ बसवून घेणे हे येथे पाठ्यक्रमाइतकेच आवश्यक आहे.

आणि एक दोष स्पष्टपणे सांगितला पाहिजे. ज्या शिक्षणाचा सारा प्राण रुग्णशय्येत आहे, त्याच्या नावाने इमारत आणि फलक उभा करून, पुरेशा खाटांचे रुग्णालय मात्र कागदावरच दाखविण्याची प्रवृत्ती वाढत आहे. उलट काही ठिकाणी रुग्ण अमाप, पण विद्यार्थिनींना अपुऱ्या मनुष्यबळाच्या जागी राबविले जाते. अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य कक्षात दर तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत दर पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे मान आहे. प्रत्यक्षात चाळीस खाटांच्या कक्षात रात्री एकटी सिस्टर आणि दोन विद्यार्थिनी, हे दृश्य ज्याने सरकारी दवाखान्यात रात्र काढली आहे त्याला नवे नाही. पिंगळीच्या पालकांनी म्हणून प्रवेशाआधी फीबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: मुली कोणत्या रुग्णालयात जातात, आणि तेथे रोज किती रुग्ण असतात?

या साऱ्यातून पार पडलेल्या मुलीला काय मिळते? पगार मिळतो, आणि शेतीचे उत्पन्न पावसावर अवलंबून असलेल्या घरात महिन्याच्या ठरल्या तारखेस येणाऱ्या पैशाचे मोल कोणी कमी लेखू नये. कंत्राटी नेमणुकीत तो तुटपुंजा असतो, हा अन्याय आहे, आणि तो दूर व्हावयास हवा. पण पगाराखेरीज तिला एक अधिकार प्राप्त होतो. सपाटीच्या प्रदेशात पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असते, आणि तेथील ए.एन.एम. गरोदर स्त्रीचा रक्तदाब मोजते, पायावरची सूज दाबून पाहते, आणि “हिला आजच परभणीला न्या” असे सांगते, तेव्हा घरातील सासू, सासरा आणि नवरा तिचे ऐकतात. काही वर्षांपूर्वी याच मुलीला गावच्या बैठकीत बोलण्याची मुभा नव्हती. लसीकरणाच्या दिवशी 2 ते 8 अंश तापमानात जपलेली लस घेऊन ती अंगणवाडीत बसते, नोंदवहीतील प्रत्येक बालकाचे नाव वाचते, आणि जे आले नाही त्याच्या घरी स्वतः जाते. नुकत्याच जन्मलेल्या, न रडलेल्या बालकाचा श्वास पहिल्या मिनिटात सुरू करून देण्याचे कौशल्य तिच्या हाती असते. त्याचे समाधान कसे असते, हे तिच्याकडूनच ऐकावे.

ही वाट उपकेंद्रापाशी संपत नाही, हेही मुलींना प्रवेशाच्या वेळीच कळले पाहिजे. ए.एन.एम. झालेली परिचारिका जी.एन.एम. करू शकते, जी.एन.एम. नंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. होते, मग एम.एस्सी. करून ती ट्यूटर किंवा प्राध्यापिका होऊ शकते. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने 2024 साली केलेल्या करारामुळे, जर्मन भाषा शिकण्याची तयारी असेल तर, परदेशी जाण्याचा मार्गही उघडला आहे. माझी स्वतःची इच्छा विचाराल, तर यांतील काहींनी परभणीच्या नर्सिंग शाळेत शिकवावयास परत यावे. कारण पहिल्या सत्रात लॅटिन नावांपुढे गोंधळलेल्या मुलीला मराठीतून समजावून सांगणारे माणूस त्या शाळेला हवे आहे.