संगणकावरचा खेळ सुरू कां होत नाहीं?

घरांत संगणक आला कीं त्याच्या मागोमाग खेळहि येतात, आणि एके दिवशीं त्यांतला एखादा सुरू व्हावयाचें नाकारतो. मुलगा टिचकीवर टिचकी मारतो, पडदा क्षणभर काळा होतो व पुन्हां पूर्ववत् होतो. मग घरांत मतभेद माजतात. वडील म्हणतात, यंत्र जुनें झालें. मुलगा म्हणतो, नवें ग्राफिक्स कार्ड आणा. आजी म्हणते, यानेंच कांहींतरी बिघडविलें असेल. हजारों रुपयांची खरेदी आणि मुलावरचा ठपका, दोन्ही निदानापूर्वींच ठरून जातात. तें निदान कसें करावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आमच्या शेंद्र्याच्या शिवारांत आज मोठमोठे कारखाने उभे आहेत. तरी भोंवतालच्या गांवांत विहिरीवरचे विजेचे पंप चालूच आहेत. पंपानें पाणी उचललें नाहीं म्हणून शेतकरी लागलीच नवी मोटार आणीत नाहीं. वीज आहे काय, तिन्ही फेज येत आहेत काय, फ्यूज उडाला आहे काय, फुटव्हॉल्व्हमधून पाणी उतरून गेलें आहे काय, हें तो क्रमानें पाहतो. प्रत्येक पाहणीनें एकेक कारण बाद होतें. टिचकी आणि खेळ यांच्यामध्येंहि अशीच एक सांखळी आहे. खेळाच्या फायली, त्यांना लागणारीं सामायिक साधनें, चित्र काढणारें कार्ड, त्या कार्डास चालविणारा ड्रायव्हर आणि या सर्वांचा कारभारी विंडोज. एक कडी तुटली कीं खेळ अडतो.

पण शेजारीं चालणारा खेळ आपल्याच घरीं कां अडावा? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ पहा. तो ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम निन्टेंडो स्विच या खेळयंत्रावर आला व ऑक्टोबरमध्यें संगणकावर. असें खेळयंत्र कोणाच्याहि घरीं गेलें तरी आंतून बहुतेक सारखेंच असतें. संगणक मात्र घरोघरीं निराळा. कोणाची स्मृति चार जीबी, कोणाची सोळा. कोणाचें विंडोज नवें, कोणाचें जुनें. इतक्या प्रकारच्या यंत्रांवर एकच खेळ चालावयाचा, म्हणून कोठें तरी अडतोच.

पहिलें काम निरीक्षणाचें. खेळ मुळींच उघडत नाहीं, कीं उघडून मिटतो, कीं काळा पडदा राहतो? पडद्यावर कांहीं मजकूर आला तर ‘ओके’ दाबून तो घालवूं नये. अक्षरशः वहींत उतरून घ्यावा. मग संगणकास ‘रीस्टार्ट’ ही आज्ञा द्यावी. आधींच्या प्रयत्नांतला खेळ कधीं कधीं पडद्याआड अर्धवट जिवंत असतो व नव्यास येऊं देत नाहीं.

नंतर पात्रता पहावी. किमान कसला संगणक लागतो, हें खेळ विकणारा सांगतोच. त्याशीं आपला ताडून घ्यावा. स्टीम या खेळांच्या दुकानानें १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ व ८ यांना पाठिंबा देणें बंद केलें आहे. उलटपक्षीं खेळच फार जुना असूं शकेल. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’सारखे डॉसच्या काळांतले खेळ ६४ बिटी विंडोजवर थेट चालत नाहींत, त्यांना डॉसबॉक्स हा जुन्या संगणकाचें सोंग घेणारा कार्यक्रम लागतो. तेथें नव्या कार्डाचा कांहींहि उपयोग नाहीं.

‘व्हीसीरनटाइम १४० डीएलएल’ सांपडत नाहीं असा संदेश आला, तर मायक्रोसॉफ्टचें व्हिज्युअल सी प्लस प्लस हें सामायिक साधन नाहीं असें समजावें. तें मायक्रोसॉफ्टकडूनच विनामूल्य मिळतें. मुलें येथेंच घसरतात. तेवढी एक फाईल कोठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून आणतात, आणि ती आंत घेण्यासाठीं अँटिव्हायरस हा रखवालदारहि बंद करतात. खेळ सुरू होवो न होवो, चोराला दार उघडें होतें. आणि त्याच संगणकावर वडिलांचे बँकेचे व्यवहार चालत असतात.

संदेश नसेल तर खेळाच्या फायली तपासाव्या. डाउनलोड चालू असतां वीज गेली तर एखादी फाईल बिघडूं शकते. स्टीममध्यें फायली पडताळण्याची आज्ञा आहे. ती बिघडलेल्या तेवढ्याच फायली पुन्हां आणते. अँटिव्हायरसनें एखादी फाईल अटकेंत ठेवली आहे काय, तेंहि पहावें. मग ड्रायव्हर नवा करावा, पण कार्डाच्या किंवा संगणकाच्या कंपनीकडूनच घेऊन.

आणखी एक कारण खास आपणां मराठी माणसांचें. विंडोजमध्यें खातें उघडतांना कोणी हौसेनें आपलें नांव देवनागरींत लिहितो, आणि त्याच नांवाचें फोल्डर तयार होतें. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे व विंडोज ती नीट वाचतें. परंतु कांहीं खेळांच्या कर्त्यांनीं रोमन अक्षरांपलीकडे पाहिलेलेंच नसतें. त्यांच्या खेळाला तें फोल्डर सांपडत नाहीं, आणि तो मुकाट्यानें मिटतो. खात्याचें वरचें नांव बदलून भागत नाहीं, कारण फोल्डरचें नांव तसेंच राहतें. रोमन अक्षरांत दुसरें खातें उघडून तेथें खेळ चालवून पहावा. चालला, तर दोष यंत्राचा नव्हता. मुलाचा तर नव्हताच.

या सर्वांत नियम एकच. एका वेळीं एकच बदल करावा, आणि त्याचा परिणाम लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले व खेळ सुरू झाला, तर आनंद होतो, ज्ञान होत नाहीं; पुढच्या खेपेस पुन्हां अंधारांत चांचपडणें येतें. पैसे खर्च करणें ही शेवटची पायरी होय. तोंवर वही मुलाच्या हातीं द्यावी आणि वडिलांनीं शेजारीं बसावें. खेळ सुरू होईलच असें नाहीं. परंतु न पाहतां दोष कोणाच्या माथीं मारूं नये, हा धडा त्या घरांत दोघांनाहि मिळेल.