‘इंटरनेटचा जनक कोण?’ आणि इतर फसवे प्रश्न

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना हा प्रश्न तोंडपाठ असतो : इंटरनेटचा जनक कोण? कुणी व्हिंट सर्फ यांचं नाव घेतं, कुणी टिम बर्नर्स-ली यांचं. उत्तर कुठलंही दिलं तरी अपुरंच पडणार, कारण प्रश्नच फसवा आहे. इंटरनेटला ना एक जनक आहे, ना एक वाढदिवस, ना एक मालक. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी काही नियम ठरवले, ते सगळ्यांना मोकळे ठेवले आणि त्यावर इतरांनी पुढची कामं उभी केली. आज कुणी मराठीत ब्लॉग लिहितो तो याच मोकळ्या नियमांच्या जिवावर. ही गोष्ट नजरेआड झाली की पुढचे गैरसमज आपोआप तयार होतात.

गैरसमज १ : अणुयुद्धात टिकून राहावं म्हणून अमेरिकी लष्कराने इंटरनेट बनवलं.

वस्तुस्थिती : इथे दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. हल्ला झाला तरी कोलमडणार नाही अशा संपर्कजाळ्याचा आराखडा रँड या संस्थेतल्या पॉल बॅरन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला खरोखरच मांडला होता. निरोपाचे लहान तुकडे करायचे आणि ते मिळेल त्या वाटेने पाठवायचे, ही त्यातली मुख्य कल्पना. ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोचले. तुकड्यांना ‘पॅकेट’ म्हणायला सुरुवात त्यांनीच केली.

ज्यातून पुढे इंटरनेट वाढलं ते ‘अर्पानेट’ हे संगणकांचं जाळं मात्र वेगळ्याच अडचणीतून जन्माला आलं. संरक्षण खात्याच्या ‘अर्पा’ या संशोधन संस्थेतले अधिकारी बॉब टेलर यांच्या पेंटागॉनमधल्या कचेरीत तीन टर्मिनल होती. एक एमआयटीच्या संगणकाला जोडलेलं, दुसरं बर्कलीच्या आणि तिसरं सांता मोनिकाच्या. प्रत्येकाच्या आज्ञा वेगळ्या. एकाशी बोलून झालं की उठून दुसऱ्यासमोर बसायचं. हे सगळं एकाच ठिकाणाहून का होऊ नये, हा टेलर यांचा प्रश्न होता. संगणक तेव्हा अतोनात महाग होते, त्यामुळे ते दुरूनही वापरता यावेत ही खरी निकड होती. पैसा संरक्षण खात्याचा होता यात वाद नाही, पण अर्पानेटचा आराखडा अणुयुद्ध डोळ्यांपुढे ठेवून आखलेला नव्हता.

२९ ऑक्टोबर १९६९च्या रात्री लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायला घेतला. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. दुरुस्ती करून तासाभराने तो शब्द पुन्हा पाठवला, तेव्हा कुठे जोडणी झाली.

गैरसमज २ : इंटरनेट आणि वेब म्हणजे एकच.

वस्तुस्थिती : दोन्हींमध्ये बरंच अंतर आहे. निरनिराळ्या जाळ्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४मध्ये मांडले. अर्पानेटने १ जानेवारी १९८३ला ते स्वीकारले. वेब म्हणजे त्या नियमांवर चालणारी, दुव्यांनी जोडलेली पानं; ते त्यानंतरचं. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९मध्ये त्याचा प्रस्ताव दिला आणि १९९१मध्ये ते बाहेरच्या जगासाठी खुलं झालं. ई-मेल तर वेबपेक्षा वीस वर्षांनी मोठं : ‘ॲट’चं चिन्ह घालून पत्ता लिहिण्याची पद्धत रे टॉमलिन्सन यांनी १९७१मध्ये पाडली. फोनवरच्या व्हॉट्सॲपचा निरोपही इंटरनेटवरूनच जातो, पण त्यासाठी वेबपान उघडावं लागत नाही.

वेब इतकं का फोफावलं, हे समजून घ्यायला १९९३चं वर्ष पाहावं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचं ‘गोफर’ हे इंटरनेटवरची माहिती शोधून वाचण्याचं तंत्र तेव्हा वेबचं तगडं प्रतिस्पर्धी होतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला विद्यापीठाने गोफरच्या सर्व्हरसाठी काही जणांकडून पैसे घेणार असल्याचं जाहीर केलं आणि वापरणारे बिचकले. ३० एप्रिलला सर्नने वेबचं तंत्र कायमचं विनामूल्य करून टाकलं. गोफर मागे पडलं त्यात या दोन निर्णयांचा वाटा मोठा होता.

गैरसमज ३ : भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला आलं.

वस्तुस्थिती : त्या दिवशी विदेश संचार निगमने ते सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुलं केलं, एवढंच. संशोधन संस्थांमध्ये ते आधीपासून होतं. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६मध्ये ‘अर्नेट’ सुरू केलं. त्यात पाच आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर मुंबईत जुहूला असलेलं ‘एनसीएसटी’ हे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रही होतं. भारताच्या ई-मेलची परदेशाशी देवाणघेवाण सुरुवातीला या जुहूच्या केंद्रामार्फत होत असे. १९९५नंतरही विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यांवर चित्रं दिसत नसत. पडद्यावर फक्त मजकूर.

गैरसमज ४ : इंटरनेट उपग्रहावरून येतं.

वस्तुस्थिती : खंडाखंडांमधली जवळपास सगळी वाहतूक समुद्राच्या तळावरच्या केबलींमधून होते. खोल समुद्रात ही केबल जेमतेम दोन सेंटिमीटर जाड असते आणि तिच्या आत केसासारखे काचेचे तंतू असतात. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबली जमिनीवर येतात. ३० जानेवारी २००८ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर परत यायलाच अर्धा सेकंद लागतो. खालच्या कक्षेतल्या नव्या उपग्रहांनी हा वेळ बराच कमी केला आहे, तरी मोठा भार केबलींवरच आहे.

गैरसमज ५ : ब्लॉग ही गूगलची देणगी.

वस्तुस्थिती : गूगल ही कंपनी स्थापन होण्याच्या चार वर्षं आधी, १९९४मध्ये, जस्टिन हॉल हा अमेरिकी विद्यार्थी स्वतःबद्दल वेबवर लिहू लागला होता. तेव्हा असं पान हाताने कोड लिहून बनवावं लागे. ‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्जर यांनी डिसेंबर १९९७मध्ये वापरला. कोड न येणाऱ्याला ‘ब्लॉगर’ने ऑगस्ट १९९९मध्ये वाट करून दिली : चौकटीत लिहा, बटण दाबा, झालं. ते पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीचं होतं. गूगलने ते २००३मध्ये विकत घेतलं.

त्याच वर्षी मे महिन्यात ‘वर्डप्रेस’ आलं, आणि त्याची जन्मकथा या सगळ्या इतिहासाला साजेशी आहे. ‘बीटू’ नावाची एक ब्लॉगप्रणाली होती. तिच्या कर्त्याने तिचं काम थांबवलं. पण तिचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, पुढे न्यावा अशा परवान्याखाली होता. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तो उचलला आणि वर्डप्रेस उभं केलं.

गैरसमज ६ : मराठीत लिहायला खास फाँट लागतो.

वस्तुस्थिती : एकेकाळी लागायचा. जुन्या फाँटांमध्ये संगणक साठवायचा इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक. फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवायचा. समोरच्याकडे तोच फाँट नसला की लेखाची जागा अगम्य चिन्हं घ्यायची. शोधयंत्रालाही तो मजकूर मराठी आहे याचा पत्ता लागत नसे.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. ऑक्टोबर १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि तिची मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावर बेतलेली होती. फरक नेमका कुठे आहे, ते ‘कि’ लिहून पाहावं. ऱ्हस्व वेलांटी कागदावर ‘क’च्या आधी येते, म्हणून टंकलेखन यंत्रावर आणि अनेक जुन्या फाँटांमध्ये ती आधी टंकावी लागे. युनिकोडमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराचा क्रम. ती डावीकडे काढण्याचं काम संगणकाचं. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही बदलावा लागतो. ‘वाऱ्या’मधला अर्धा ‘र’ तर आणखी अवघड, त्यासाठी ‘ऱ’ला वेगळा क्रमांक आहे.

एकंदर, फाँट आजही असतोच, पण तो फक्त अक्षराचं रूप ठरवतो. फाँट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो आणि शोधला की सापडतो.

गैरसमज ७ : नेटवर टाकलेलं कायम राहतं आणि ते सगळ्यांचं असतं.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. लाखो हौशी पानांचं घर असलेलं ‘जिओसिटीज’ याहूने २००९मध्ये बंद केलं. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४च्या पाहणीनुसार २०१३मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ १९९६पासून पानांच्या प्रती साठवतं, पण सगळंच त्याच्या हाती लागत नाही. लॉगिनच्या आडचं तर सहसा नाहीच.

मालकीचं म्हणाल, तर भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेख लिहिला जाताच त्याचा हक्क तयार होतो. नोंदणी बंधनकारक नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं तो हक्क टिकतो. त्यामुळे पूर्ण लेख उचलून खाली ‘साभार’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. ‘व्हॉट्सॲपवरून आलेलं’ हे तर लेखकाचं नाव गाळल्याची कबुलीच.

गैरसमज ८ : ब्लॉगचा जमाना संपला.

वस्तुस्थिती : गाजावाजा ओसरला, हे खरं. ब्लॉगांचे नवे लेख एका जागी वाचायची आपली ‘रीडर’ सेवा गूगलने १ जुलै २०१३ला बंद केली तेव्हा अनेकांनी ब्लॉगांचा मृत्युलेख लिहिला. पण नवा लेख आल्याची वर्दी देणारं ‘आरएसएस’ तंत्र अजून चालू आहे. पॉडकास्टचे नवे भाग श्रोत्यांपर्यंत मुख्यतः त्याच मार्गाने पोचतात. जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात.

आजच्या लिहिणाऱ्यापुढचा खरा प्रश्न मजकूर कुणाच्या ताब्यात आहे, हा आहे. समाजमाध्यमावरचं लेखन कुणाला दिसणार, ते ती कंपनी ठरवते. स्वतःच्या नावाचा डोमेन घेतला तर उद्या सेवा देणारी कंपनी बदलूनही पत्ता तोच ठेवता येतो. तेवढा खर्च नको असेल तर निदान एक काम करावं : ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींमध्ये ब्लॉगवरचा सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे. दिवाळीच्या आवराआवरीत ती फाइल दरवर्षी नव्याने उतरवून घ्यावी आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी.