लाल दिवा आणि वहीतलं गणित

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात जेसीबीनं केबल तोडली, की ग्रामपंचायतीतल्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागतो. दाखले अडतात, फॉर्मची शेवटची तारीख मात्र थांबत नाही. पुण्याहून कुणी येईल म्हणून वाट बघायची, की आपणच शिकायचं?

२०११मध्ये मंजूर झालेली फायबरची योजना आज ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाते. तिच्यातल्या काचेच्या तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. विजेशिवाय चालणारा स्प्लिटर एकाच तंतूतला प्रकाश अनेक गावांना वाटतो.

आता वही घ्या. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. २० किलोमीटर फायबर साधारण ५ डेसिबल खाते, आठ वाटांचा स्प्लिटर १०. म्हणजे +३ डीबीएमनं निघालेला सिग्नल -१२च्या आसपास पोहोचायला हवा. डब्याला साधारण -२७पर्यंत चालतं. मीटरवर -२५ दिसलं, तर नेट सुरू असलं तरी समजा: कुठंतरी जोड खराब आहे किंवा तंतू मुडपलाय. दिवा लाल व्हायच्या आधीच दुखणं सापडलं!

फक्त तंतूच्या टोकात डोकावू नका. हा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.