थिन क्लायंटची नेटवर्क-मांडणी : उत्तर कोणी द्यावयाचे?

ज्या संगणकाला स्वतःची हार्ड डिस्क नसते आणि जो आपली कार्यप्रणाली प्रत्येक वेळी नेटवर्कवरून आणवितो, अशा थिन क्लायंट यंत्राचा येथे मुख्यतः विचार करावयाचा आहे. वीज चालू केली असता या यंत्राला स्वतःविषयी एकच गोष्ट ठाऊक असते : नेटवर्क-कार्डावर कारखान्यातच नोंदविलेला ४८ बिटांचा क्रमांक. आपला आयपी पत्ता कोणता, प्रणाली कोणत्या सर्व्हरवरून घ्यावयाची, तिच्या फाइलीचे नाव काय, हे सर्व त्याला विचारून घ्यावे लागते. म्हणून अशा यंत्राची नेटवर्क-मांडणी म्हणजे यंत्रावर काही लिहून ठेवणे नव्हे. त्याच्या प्रश्नाला उत्तर कोण देणार, हे ठरविणे होय.

हा विचार क्रमाक्रमाने परिणत झाला. १९८४ मधील आरएआरपी या संकेतपद्धतीने यंत्राला केवळ पत्ता मिळत असे. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी मांडलेल्या बूटपीने पत्त्याबरोबरच सर्व्हरचा पत्ता आणि फाइलीचे नाव देण्याची सोय केली. १९९३ मध्ये आलेल्या डीएचसीपीने त्यात मुदतीने पत्ता देण्याची भर घातली. पुढे इंटेलच्या पीएक्सईमुळे हा प्रश्न विचारणारा प्रोग्राम यंत्राच्या स्थायी स्मृतीतच आला.

संवाद चार संदेशांचा असतो : शोध, देकार, मागणी आणि मान्यता. यंत्राला कोणाचाच पत्ता ठाऊक नसल्याने शोधाचा संदेश २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर, म्हणजे सर्वांना उद्देशून जातो. बहुतेक अडचणींचे मूळ याच गोष्टीत आहे. अशी हाक राउटर सामान्यतः ओलांडत नाही. सर्व्हर दुसऱ्या उपजालात असेल, तर राउटरवर ती पुढे पोचविणारा मध्यस्थ नेमावा लागतो. शिवाय, स्पॅनिंग-ट्रीची जुनी पद्धत चालू असलेला स्विच नव्याने जोडलेले पोर्ट सुमारे ३० सेकंद रोखून धरतो. त्या अवधीतील हाका कोणाच्याच कानी पडत नाहीत, आणि दोष मात्र बिचाऱ्या यंत्राला लागतो. थिन क्लायंटच्या पोर्टांना या प्रतीक्षेतून वगळणे हाच त्यावर उपाय.

ज्या यंत्रांत लहानशी फ्लॅश स्मृती असून प्रणाली तीतच असते, तेथे पत्ता हाताने भरता येतो. परंतु १९२.१६८.२०.३० या पत्त्याच्या यंत्रावर २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.२५५.१९२ हा मास्क लिहिला गेला, तर त्या यंत्राच्या दृष्टीने त्याचे जाल ० ते ६३ एवढेच उरते. शेजारच्याच १९२.१६८.२०.१०० या सर्व्हरला ते परका समजते व गेटवेकडे वळते; गेटवेचा रकाना रिकामा असेल, तर संदेश तेथेच संपतो. चाळीस यंत्रांवर चाळीसदा असे आकडे भरण्यात काटकसर नाही. स्थिर पत्ता द्यावयाचाच असेल, तर कार्डाच्या क्रमांकावरून तो डीएचसीपी सर्व्हरवरच राखून ठेवावा. अर्थात् सर्व्हरचा स्वतःचा पत्ता हाताने भरलेलाच बरा.

सर्वांत फसवा दोष निराळाच आहे. प्रयोगशाळेत कोणी वायफायसाठी घरगुती राउटर आणून त्याचे पोर्ट विभागाच्या स्विचला जोडले, की तोही डीएचसीपीची उत्तरे देऊ लागतो. सामान्य डीएचसीपीमध्ये उत्तर देणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय वापरात नसते. गंमत अशी की, पीएक्सईचा प्रारंभिक प्रोग्राम बहुधा फाइलीचे नाव असलेले उत्तर पसंत करतो. त्यामुळे यंत्र सुरळीत सुरू होते. पण फाइलीतून चढलेली प्रणाली पत्त्यासाठी पुन्हा तोच प्रश्न विचारते, आणि ती सामान्यतः प्रथम आलेले उत्तर घेते. ते राउटरचे असले, तर यंत्र अर्ध्या वाटेवर थांबते. आज दहा यंत्रे अडतात, उद्या तीन, आणि तीही निराळीच! प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी असे घडल्यास दोष शोधण्यास अवसरच उरत नाही.

अशा वेळी पडद्यावरील संकेत नीट वाचावा. पीएक्सई-ई५१ म्हणजे उत्तरच आले नाही. तेव्हा तार, स्विच वा मध्यस्थ तपासावा. पीएक्सई-ई५३ म्हणजे फाइलीचे नाव मिळाले नाही. तेव्हा सर्व्हरची नोंद पाहावी. यंत्र त्यापुढे जाऊन अडले, तर ६७ व ६८ या पोर्टांवरील संदेश टिपून किती निरनिराळ्या पत्त्यांवरून देकार येतात ते मोजावे. एकाहून अधिक आढळले आणि दुसरा सर्व्हर आपण नेमलेला नसला, तर डीएचसीपी स्नूपिंगची सोय असलेल्या स्विचवर केवळ अधिकृत सर्व्हरकडे जाणारे पोर्ट विश्वसनीय ठरवावे. इतर पोर्टांवरून आलेली उत्तरे स्विच स्वतःच टाकून देतो.