पिकअप मोटारीच्या पुढील भागांतील आवाजाची परीक्षा

बैलगाडीचें चाक करकरूं लागलें कीं आंसास वंगण हवें, हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. परंतु चारही चाकांस जोर देणाऱ्या पिकअप मोटारींत आवाजाचीं ठिकाणें पुष्कळ असतात. त्यामुळें मालक गोंधळतो, निदानावांचून एकामागून एक भाग बदलले जातात, आणि पैसा जाऊन आवाज तसाच राहतो. आवाज कसा आहे यापेक्षां तो केव्हां येतो व केव्हां थांबतो हें पाहिल्यास दोष बहुधा सांपडतो, असें आमचें मत आहे. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांसारख्या, जरूर तेव्हांच पुढील चाकांस जोर जोडावयाच्या गाड्या आम्हीं येथें डोळ्यांपुढें ठेविल्या आहेत.

प्रथम हें पाहावें, कीं आवाज केवळ चार चाकें जोडलीं असतांच येतो काय. वळणावर पुढील चाकें मागील चाकांपेक्षां मोठ्या वर्तुळांतून जातात. जोडलेल्या स्थितींत मात्र पुढील व मागील शाफ्ट एकाच गतीनें फिरतात. चिखलांत चाकें घसरून हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो निघत नाहीं, म्हणून गाडी अडखळते व ठोके बसतात. हा दोष यंत्राचा नव्हे, वापराचा होय. पक्का रस्ता लागतांच जोड सोडावी. सरळ व मऊ वाटेवरहि आवाज येत असेल, तर पुढील डिफरेंशियलचें तेल पाहावें. तें दुधाळ दिसल्यास ओढा ओलांडतांना आंत पाणी शिरलें असें समजावें. पुढील शाफ्टचे क्रॉसहि तपासावेत.

शेतांत चार चाकें जोडून तीव्र वळण घेतांना ‘टक टक’ असा ताल ऐकूं आल्यास चाकाजवळील सीव्ही जॉइंट झिजला असण्याचा संभव अधिक. त्यावरील रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर पडतें व माती आंत शिरते. चाकाच्या आंतील बाजूस ग्रीसचे शिंतोडे दिसतांच बूट बदलून नवें ग्रीस भरल्यास जॉइंट वांचतो. आवाज सुरू झाल्यावर केवळ बूट बदलून भागत नाहीं.

वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची किंवा टायरची असते. रस्त्याचा पृष्ठभाग बदलतांच ती बदलली, तर टायरकडे पाहावें. उजवीकडे वळतांना भार डाव्या चाकावर येतो; तेव्हां घरघर वाढल्यास डावें बेअरिंग संशयित मानावें, व उलट असल्यास उजवें.

खांचखळग्यांतून हळू जातांना ‘धप’ असा ठोका आल्यास बॉल जॉइंट, आर्मचे बुश व स्टॅबिलायझरची लिंक यांची परीक्षा करावी. गाडी सपाट व टणक जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागील चाकांस दगड लावावे. गाडीच्या पुस्तकांत दाखविलेल्या जागीं जॅक लावून चाक उचलावें व गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं जाऊं नये. मग घड्याळांतील 12 व 6 च्या जागीं चाक धरून हालवावें. हालचाल जाणवल्यास दुसऱ्यास ब्रेक दाबण्यास सांगावें. ती थांबली तर बेअरिंग, न थांबली तर बॉल जॉइंट सैल समजावा. 9 व 3 च्या जागींच चाक हालत असेल तर टाय-रॉडचें टोंक पाहावें. ठोका येत असूनहि हालचाल न दिसल्यास मिस्त्रीकडून खालच्या आर्मखालीं जॅक लावून पुन्हां पाहून घ्यावें; कारण स्प्रिंगच्या ताणामुळें सैलपणा लपतो.

यांत एक भेद कधींहि विसरूं नये. स्टॅबिलायझरची लिंक वाजत असेल, तर चार दिवसांचा विलंब बहुधा खपतो. बॉल जॉइंट सुटल्यास चाक आडवें पडून स्टिअरिंग हातीं राहत नाहीं. टाय-रॉडचें टोंक सुटल्यास तें चाक स्टिअरिंगचें ऐकत नाहीं, आणि अति झिजलेलें बेअरिंगहि दगा देतें. अशी गाडी माल भरून घाट उतरविणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. बाजाराचा एक दिवस चुकला तरी चालेल, पण ती गाडी उभीच ठेवावी.

गॅरेजांत जातांना आवाज कोणत्या वेगास, कोणत्या वळणावर, भरल्या कीं रिकाम्या गाडींत येतो, हें कागदावर टिपून न्यावें. एवढ्या टिपणानेंहि अनावश्यक खर्च पुष्कळ वांचेल.